ठशाखालचे अक्षर

दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या टाकसाळीत पाडलेली तांब्याची नाणी आजही संग्राहकांच्या हाती पुष्कळ येतात. त्यांतले सम्राट पहिला रोमानोस लेकापेनोस (९२०-९४४) याचे नाणे वाचायला तसे सोपे. एका बाजूला समोर पाहणारा मुकुटधारी सम्राट. दुसऱ्या बाजूला चित्र मुळीच नाही, फक्त चार ओळींचा लेख: रोमानोस, देवाच्या ठायी रोमनांचा सम्राट. पण कितीतरी नाण्यांवर हा लेख सरळ लागत नाही. ओळीच्या मधोमध एखादे अक्षर डोके खाली करून उभे असते. सम्राटाच्या गालावरून भलत्याच शब्दाची शेपटी गेलेली असते. कडेला असायला हवी ती मण्यांची कडी पार आत, मुकुटाजवळ वळण घेताना दिसते. नवखा माणूस असे नाणे खराब समजून बाजूला ठेवतो. जाणकार तेच आधी उचलतो, कारण त्या एका चकतीवर दोन राजवटींचे लेख एकावर एक बसलेले असतात.

जुने नाणे न वितळवता त्याच्यावरच नवे ठसे मारायचे, अशी ही रीत. इंग्रजीत अशा नाण्याला 'ओव्हरस्ट्राइक' म्हणतात, ग्रीक अभ्यासक 'एपिकोपी' म्हणतात. 'एपि' म्हणजे वर आणि 'कोपी' म्हणजे घाव. वरच्या घावाखाली कोणते नाणे दडले आहे हे ओळखणे हा बायझंटाइन नाण्यांच्या अभ्यासातला फार जिव्हाळ्याचा भाग आहे. शब्दांच्या अभ्यासकाने तर तो मुद्दाम शिकावा. खालचे अक्षर ओळखण्याची जी शिस्त नाणकशास्त्राने बसवली आहे, तीच शब्दाचे मूळ सांगताना पाळावी लागते, असे माझे ठाम मत आहे. आणि या नाण्यांभोवतीचे शब्दच त्याची उत्तम उदाहरणे आहेत.

आधी घावाचेच शब्द पाहू. मराठीत आपण नाणी 'पाडतो', ती जिथे पडतात ती 'टाकसाळ'. संस्कृत 'टंकशाला' हे तिचे मूळ रूप. 'टंक' म्हणजे छिन्नी. पाथरवटाची 'टाकी' याच घराण्यातली, आणि टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही या म्हणीतली टाकीही हीच. 'टंक' हे एका वजनाचेही नाव, वजनाचे नाव नाण्याला मिळाले, त्यातून 'टका' आणि 'टक्का' आले. यंत्रावर अक्षरे उमटवायची वेळ आली तेव्हा 'टंकलेखन' हा शब्द घडवताना पुन्हा तोच धातूवरचा घाव उपयोगी पडला. 'शिक्का' अरबीतून आला. अरबीत 'सिक्का' म्हणजे नाणे पाडण्याचा लोखंडी ठसा. ठशाचे नाव त्यातून निघणाऱ्या नाण्याला लागले आणि मराठीत ते कागदावरच्या मोहोरेपर्यंत पोचले.

ग्रीकांकडेही असेच घडले. 'तिप्तो' म्हणजे मारणे, 'तिपोस' म्हणजे माराची खूण, म्हणून ठसा, म्हणून नमुना. आज आपण ज्याला 'टाइप' म्हणतो तो हाच. 'खारासो' म्हणजे कोरणे. 'खारक्तीर' म्हणजे आधी कोरणारा किंवा कोरायचे हत्यार, मग नाण्यावर उमटलेली खूण, आणि मग माणसावर उमटलेली खूण, म्हणजे त्याचा स्वभाव. सिनेमातले 'कॅरेक्टर' आणि चालचलणुकीच्या दाखल्यातले 'कॅरेक्टर' दोन्ही या ठशातून निघाले. माणसाचे शील आणि छापखान्याचे खिळे यांची नावे टाकसाळीतल्या एकाच कामावरून पडावीत, हे लक्षात आले की भाषेबद्दलचे प्रेम वाढते.

आता नाण्याचे नाव. रोमानोसच्या या तांब्याच्या नाण्याला 'फॉलिस' म्हणतात. लॅटिनमध्ये 'फोलिस' म्हणजे चामड्याची पिशवी, आणि लोहाराचा भाताही. हवेने फुगलेली पिशवी म्हणजे आत काही नसलेला बडबड्या, म्हणून फ्रेंचमध्ये वेड्याला 'फू' आणि इंग्रजीत मूर्खाला 'फूल' हे शब्द आले. केसांच्या मुळाशी असलेल्या बारीक पिशवीला डॉक्टर 'फॉलिकल' म्हणतात, तेही याच पिशवीचे लहान रूप. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात मोजून मोहोरबंद केलेल्या नाण्यांच्या पिशवीला 'फोलिस' म्हणत. पिशवीचे नाव हळूहळू आतल्या नाण्याला लागले. आपण 'थैली अर्पण केली' म्हणताना कापडाची थैली मनात धरत नाही, तसेच हे.

सम्राट अनास्तासिओस याने ४९८ मध्ये नाणेव्यवस्था सुधारली. तोवर लोकांच्या हातात 'नुम्मुस' नावाचे नखाएवढे, एक ग्रॅमभराचे तांब्याचे तुकडे होते. अनास्तासिओसने ४० नुम्मी किमतीचा फॉलिस काढला आणि त्याच्या मागच्या बाजूवर इंग्रजी एमसारखे दिसणारे मोठे अक्षर बसवले. रोमन अंकांत एम म्हणजे १०००, पण इथे तो रोमन नव्हे. ग्रीक वर्णमालेत अक्षरेच अंकांचे काम करतात आणि त्यांत म्यू म्हणजे ४०. अर्ध्या फॉलिसवर कॅपा म्हणजे २०, पावावर आयोटा म्हणजे १०, आणि ५ नुम्मींवर एप्सिलॉन. पुढे सम्राट जस्टिनियनने ५३८-३९ मध्ये राज्यारोहणापासूनचे कितवे वर्ष तेही नाण्यावर घालायला सुरुवात केली, तेव्हा ते लिहिले लॅटिनमध्ये: 'आन्नो', म्हणजे 'वर्षी', आणि पुढे रोमन आकडा. किंमत ग्रीक अंकात, साल रोमन अंकात, सम्राटाचे नाव लॅटिनमध्ये, आणि व्यवहार करणारे पुष्कळसे लोक ग्रीक बोलणारे. त्या काळच्या भाषिक स्थितीचा हा तळहातावर मावणारा पुरावा आहे, आणि खालचे नाणे ओळखताना यातला प्रत्येक तपशील कामी येतो.

या नाण्यांना नाणकशास्त्रात 'कांस्य' म्हणायची पद्धत आहे, पण धातू बहुतांशी तांबेच असतो. हा गोंधळही ग्रीकच्या 'खाल्कोस' या शब्दातूनच सुरू होतो, कारण तांबे, कासे आणि पितळ यांना तो एकच शब्द चाले. जस्टिनियनच्या काळात कोस्मास इंदिकोप्लेवस्तीस नावाच्या व्यापाऱ्याने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. त्यात 'कल्लियाना', म्हणजे आपले कल्याण, इथून बाहेर जाणाऱ्या मालात 'खाल्कोस' आहे. भाषांतरकारांपैकी कोणी त्याचे तांबे करतो, कोणी पितळ. शब्दावरून धातू ठरत नाही. तो ठरवायचा तर माल पाहावा लागतो.

फॉलिसचा पुढचा प्रवास अरबीत झाला. सातव्या शतकात सीरिया अरबांच्या हाती गेला तेव्हा तिथल्या बाजारात सम्राट दुसरा कॉन्स्टान्स (६४१-६६८) याची तांब्याची नाणी चालत होती. त्यांच्या नकलाही तिथे पडू लागल्या. 'फॉलिस'चे अरबीत 'फल्स' झाले, अनेकवचन 'फुलूस'. आज अरब जगात अनेक ठिकाणी 'फुलूस' म्हणजे पैसा, कुठलाही पैसा. अकबराच्या तांब्याच्या नाण्यांवर फारसी लिपीत 'फुलूस' असाच शब्द आहे. तेच नाणे हिशेबात 'दाम' म्हणून लिहीत, आणि ऐन-इ-अकबरी सांगते की दामाचे वजन पाच टंक. हा 'दाम' संस्कृत 'द्रम्म'मधून आला. भास्कराचार्यांच्या लीलावतीत सोळा पणांचा एक द्रम्म होतो. 'द्रम्म' आला ग्रीक 'द्राख्मी'वरून, आणि द्राख्मी म्हणजे मूठभर. नाण्यांच्या आधी ग्रीकांच्यात लोखंडी सळया देण्याघेण्यात चालत. एक सळई म्हणजे एक 'ओबोलोस', आणि मुठीत मावणाऱ्या सहा सळया म्हणजे एक द्राख्मी. आपण 'दामदुप्पट' म्हणतो तेव्हा त्या दामाच्या तळाशी ही लोखंडाची मूठ आहे.

कामासाठी दुबईला गेलेला मराठी माणूस दिरहम आणि फिल्स मोजतो. शंभर फिल्सचा एक दिरहम. कुवेतमध्ये हजार फिल्सचा एक दिनार. दिरहम म्हणजे द्राख्मी, दिनार म्हणजे रोमन 'देनारिउस', फिल्स म्हणजे फॉलिस. यातले एकही नाव मुळात अरबी नाही. तिन्ही ग्रीक-रोमन जगातून आली आणि तिन्हींवर अरबीचा ठसा इतका नीट बसला की खालचे रूप सहज दिसत नाही. ते दाखवायला कागदपत्रे आहेत, नाणी आहेत, मधल्या पायऱ्या आहेत, म्हणून आपण ते खात्रीने सांगू शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुन्या नाण्यावर नवे ठसे मारायची गरज का पडली? नाणे पाडायचे म्हणजे धातू वितळवा, चकत्या तयार करा, वजन करा, मग खालच्या ठशावर चकती ठेवून वरच्या ठशावर घणाचा घाव घाला. जुनेच नाणे चकती म्हणून घेतले की मूस, इंधन आणि बराच वेळ वाचतो. सम्राट हेराक्लिओस ६१० मध्ये गादीवर आला तेव्हा इराणच्या सासानी सत्तेशी युद्ध पेटलेले होते. ६१४ मध्ये जेरुसलेम गेले, नंतर इजिप्तही गेला. तिजोरी आटली. या काळात हेराक्लिओसने आधीच्या फोकास, मॉरिस आदी सम्राटांची तांब्याची नाणी परत आणून त्यांच्यावर आपला आणि मुलाचा ठसा मारला. जस्टिनियनचा सर्वांत मोठा फॉलिस सुमारे २३ ग्रॅम भरे. हेराक्लिओसच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला तो सुमारे ११ ग्रॅम होता आणि शेवटी शेवटी सुमारे ५ ग्रॅमवर आला. नाणे हलके होत गेले तशी जुनी जड नाणी कापून वापरण्याचीही सोय झाली. दुसऱ्या कॉन्स्टान्सच्या पुष्कळ नाण्यांची एखादी कड सरळ आणि कोपरा टोकदार असतो, कारण ती जुन्या मोठ्या नाण्याच्या कापलेल्या तुकड्यांवर पाडलेली आहेत.

अशी नाणी ओळखायची कशी? पहिली गोष्ट म्हणजे घाईने नाव ठेवू नये. ओळीबाहेरचे अक्षर दिसले म्हणून लगेच खाली दुसरे नाणे आहे असे होत नाही. घाव घालताना चकती हलली आणि त्याच ठशाचा दुसरा घाव बसला तर अक्षरे दुहेरी दिसतात, पण ती त्याच लेखाची असतात. हा दुबार घाव. कधी चालू नाण्यावर एका कोपऱ्यात छोटा ठसा ठोकलेला असतो. हेराक्लिओसच्या काळात सिसिलीत जुन्या फॉलिसांवर असे छोटे ठसे मारून ती पुन्हा चलनात आणली गेली. तिथे नाणे जुनेच राहते, त्याला फक्त नवी परवानगी मिळते. खरे ओव्हरस्ट्राइक म्हणजे दोन्ही बाजू नव्या ठशांनी पूर्ण व्यापलेल्या आणि तरीही आधीच्या नाण्याचे अवशेष शिल्लक.

हे अवशेष घाव जिथे कमी बसला तिथे राहतात, बहुधा कडेला. घाव तिरका पडला असेल तर एका बाजूवर जिथे जुने अक्षर वाचले, नेमके त्याच्या पाठीमागेही जुने काही वाचलेले असते. म्हणून एका बाजूला खूण दिसताच नाणे उलटून तीच जागा पाहायची. उजेड वरून न घेता आडवा, तिरपा घ्यायचा आणि नाणे थोडे थोडे फिरवत राहायचे. जुने नाणे ठशाखाली ठेवताना त्याची वरची बाजू कुठली, डोके कुठे, हे कारागिराने पाहिलेले नसते. त्यामुळे सम्राटाच्या चेहऱ्याखाली जुना लेख आणि नव्या लेखाखाली जुना चेहरा, असे नेहमी घडते. हेराक्लिओसच्या नाण्यावर दोन सम्राट उभे आहेत आणि त्यांच्या कमरेवरून एक जाड दांडा आडवा गेला आहे, असे दिसले तर तो जुन्या म्यूचा पाय असण्याची शक्यता मोठी. मग त्या दांड्याची दिशा धरून त्याच्या एका अंगाला 'आन्नो'ची अक्षरे, दुसऱ्या अंगाला सालाचा आकडा आणि खाली टाकसाळीचे नाव शोधायचे. टाकसाळीचे नावही बोलके असते. ५२८ च्या भूकंपानंतर अँटिऑक शहराचे नाव बदलून 'थेऊपोलिस', म्हणजे देवाची नगरी, असे ठेवले गेले. खाली हे नाव दिसले की ते नाणे त्यापूर्वीचे असूच शकत नाही.

शेवटची कसोटी सर्वांत कडक आहे. खाली अमुक सम्राटाचे नाणे आहे असे म्हणायचे तर उरलेल्या एकूण एक खुणा त्याच्या माहीत असलेल्या नाण्यावर आपापल्या जागी बसल्या पाहिजेत. चार खुणा जुळल्या आणि पाचवी विरुद्ध गेली, तर नाव मागे घ्यायचे.

रोमानोसच्या नाण्यावर ही कसोटी शुद्धलेखनामुळे फार रंगते. त्याच्या आधीचा सहावा लिओ (८८६-९१२) हा व्यासंगी सम्राट. त्याच्याही फॉलिसवर मागे चार ओळींचा लेख आहे आणि शब्दही जवळजवळ तेच: लिओ, देवाच्या ठायी रोमनांचा सम्राट. फरक आहे तो 'रोमनांचा' या शब्दाच्या लिखाणात. शास्त्रशुद्ध ग्रीकमध्ये या शब्दात पहिल्या 'र'नंतर ओमेगा येतो आणि मध्ये आल्फा-आयोटा हे जोडअक्षर येते. पण दहाव्या शतकापर्यंत ओमेगा आणि ओमिक्रॉन यांचा उच्चार एक झाला होता, आल्फा-आयोटा आणि एप्सिलॉन यांचाही एक. आपल्याकडे 'श' आणि 'ष' कानाला एकच वाटतात, लिहिताना मात्र वेगळे राहतात, तशी ती स्थिती. लिओच्या ठसेकाराने कानाला ऐकू आले तसे लिहिले: ओमिक्रॉन आणि एप्सिलॉन. रोमानोसच्या ठसेकाराने पोथीतले लिहिले: ओमेगा आणि आल्फा-आयोटा. म्हणून रोमानोसच्या नाण्यावर 'रोमनांचा' या शब्दाचा तुकडा आडवा-उलटा सापडला आणि त्यात गोल ओमिक्रॉन असेल, तर ते अक्षर वरच्या नाण्याचे नव्हे, खालच्याचे.

पण खाली लिओच आहे असे एवढ्याने ठरत नाही. लिओच्या मृत्यूनंतर त्याचा लहान मुलगा सातवा कॉन्स्टंटाइन आणि त्याची आई झोई यांच्या नावाने नाणी निघाली. तिच्या हाती कारभार ९१४ ते ९१९ होता. या नाण्यांवरही 'रोमनांचा' हा शब्द ऐकू येतो तसाच लिहिलेला आहे. फरक दुसरीकडे शोधावा लागतो. या लेखाच्या ओळी पाच आहेत. दोन नावांमध्ये 'आणि' या अर्थाचा ग्रीक 'के' आहे, आणि तोही लॅटिन वळणाच्या 'सी' आणि 'ई' या दोन अक्षरांनी लिहिलेला. पोथीतल्या ग्रीकप्रमाणे त्यात तीन अक्षरे हवीत. 'सम्राट' या शब्दाचे अनेकवचन 'बासिलीस' असेच, उच्चाराप्रमाणे, नुसत्या आयोटाने लिहिले आहे. म्हणजे खाली 'सी-ई' दिसले किंवा झोईच्या नावातला इंग्रजी झेडसारखा झीटा दिसला, की माय-लेकरांचे नाणे ओळखले. ज्या उच्चारानुसारी लिखाणाला व्याकरणकार चूक म्हणतील, त्याच्यामुळेच आज नाणे ओळखता येते आणि दहाव्या शतकातल्या लोकांच्या तोंडची भाषाही ऐकू येते. प्रमाणलेखनाच्या बाहेर गेलेल्या प्रत्येक लेखाकडे मी म्हणूनच आदराने पाहतो.

या नाण्यांत एक घराणेही वाचता येते. रोमानोस हा आर्मेनियन शेतकऱ्याच्या घरातला, आरमाराचा प्रमुख झालेला माणूस. त्याने आपली मुलगी हेलेना हिचे लग्न बाल सम्राटाशी ९१९ मध्ये लावले, पुढच्या वर्षाअखेर स्वतः मुकुट घेतला आणि जावयाला मागे बसवले. कॉन्स्टंटाइनचे उपपद होते 'पॉर्फिरोगेनितोस', म्हणजे राजवाड्यातल्या जांभळ्या दगडाच्या दालनात जन्मलेला. राज्य करणाऱ्या सम्राटाच्या पोटी जन्म झाल्याची ती निशाणी. हा जन्मजात सम्राट पंचवीस वर्षे नावापुरता राहिला. ९४४ च्या डिसेंबरात रोमानोसच्या मुलांनीच बापाला गादीवरून काढून बेटावरच्या मठात पाठवले, आणि ९४५ च्या जानेवारीत कॉन्स्टंटाइनने त्या मुलांनाही बाहेर काढले. त्यानंतर त्याच्या एकट्याच्या नावाचे फॉलिस निघाले, आणि त्यांतले पुष्कळ रोमानोसच्या नाण्यांवर पाडलेले आहेत. लेखात 'रोमनांचा' हा शब्द पुन्हा ओमिक्रॉन आणि एप्सिलॉन घेऊन आला. वरच्या कॉन्स्टंटाइनच्या लेखाखाली ओमेगाचे दोन कमानदार पाय दिसले, की सासऱ्याचे नाणे जावयाच्या ठशाखाली आहे हे कळते.

राजाचे नावच नसलेली नाणीही आहेत. अकराव्या शतकातला इतिहासकार स्किलित्सेस लिहितो की सम्राट योआनिस त्सिमिस्केस (९६९-९७६) याने नाण्यांवर तारणहाराची प्रतिमा घालायचा हुकूम दिला, जे पूर्वी कधी झाले नव्हते. तांब्याच्या नाण्याला तो 'ओबोलोस' हेच जुने नाव देतो; सळईचे नाव इतक्या शतकांनंतरही ग्रंथांत टिकून होते. या नाण्यांवर एकीकडे ख्रिस्त, दुसरीकडे 'येशू ख्रिस्त, राजांचा राजा' असा लेख. सम्राटाचे चित्र नाही, नाव नाही, साल नाही. पुढे शंभरावर वर्षे अशी अनामिक नाणी निघत राहिली, चित्रे आणि लेखाची मांडणी बदलत गेली. कुठले कुणाच्या काळातले आणि कुठले आधीचे, हे सांगायला नाण्यावर काहीच नाही. तो क्रम लावला तो एकावर एक पडलेल्या ठशांनी. एका प्रकारचे नाणे दुसऱ्याच्या वर वारंवार सापडते आणि उलटे कधी सापडत नाही, तर खालचे आधीचे. आल्फ्रेड बेलिंजर यांनी १९२८ मध्ये आणि मार्गारेट थॉम्पसन यांनी अथेन्सच्या अगोऱ्यातील नाण्यांच्या १९५४ च्या ग्रंथात या प्रकारांची मांडणी केली. ए, बी, सी अशा अक्षरांनी ओळखले जाणारे वर्ग आज प्रत्येक संग्राहकाच्या तोंडी आहेत. एखाद्या नावालाही इतका पुरावा मिळत नाही, तितका या बेनाव नाण्यांना त्यांच्या तळाने दिला.

आता सावधगिरीची गोष्ट. अकराव्या शतकात बायझंटाइन सोन्याची नाणी रुंद, पातळ आणि पुढे वाटीसारखी खोलगट होऊ लागली. दक्षिण इटलीतल्या त्या काळच्या दस्तऐवजांत 'स्किफातुस' नावाच्या नाण्यांचा उल्लेख येतो. ग्रीकमध्ये 'स्किफोस' म्हणजे पेला. नाणे पेल्यासारखे, नाव पेल्यावरून. इतके चपखल की कुणाला शंका आली नाही, आणि खोलगट नाण्यांना सगळीकडे 'स्कायफेट' म्हणू लागले. फिलिप ग्रिअरसन यांनी १९७१ मध्ये हा शब्द पुन्हा तपासला. त्यांनी दाखवले की त्याचा संबंध अरबीतल्या काठ, ओठ या अर्थाच्या 'शफा' या शब्दाशी आहे. नाण्याची ठसठशीत कड पाहून ते नाव पडले, खोलगटपणाशी त्याचा संबंध नाही. सिसिली आणि दक्षिण इटलीत अरबीचा वावर होता, त्यामुळे शब्द तिथे येण्याची वाटही सरळ होती. पेल्याची कल्पना सुंदर होती, ऐकायला जुळत होती, आणि पुराव्यात बसत नव्हती. नाण्याच्या बाबतीत आपण जिला पाचवी विरुद्ध खूण म्हटले, ती इथे सापडली, आणि ग्रिअरसन यांनी तिला मान दिला.

'बायझंटाइन' हे नावही असेच वरून बसलेले आहे. लिओ, रोमानोस, कॉन्स्टंटाइन तिघेही आपल्या तांब्यावर 'रोमनांचा सम्राट' म्हणवतात. बायझंटिओन हे त्यांच्या राजधानीचे फार जुने गाव-नाव. साम्राज्याला ते विद्वानांनी सोळाव्या शतकात आणि नंतर लावले. पश्चिम युरोपात त्यांच्या सोन्याच्या नाण्याला मात्र पूर्वीपासून 'बेझंट' म्हणत, आणि आपल्याला ॲनी बेझंट यांच्यामुळे ओळखीचे असलेले आडनाव या नाण्यावरूनच आले असे आडनावांचे अभ्यासक सांगतात. पूर्वेकडे मूळ नाव टिकले: अरबी-फारसीत हा मुलूख 'रूम'. पुढे तो तुर्कांकडे गेला तरी नाव रूमच राहिले. जुन्या मराठीतला 'रूमशाम' हा जोडशब्द, आणि अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेल्या 'मुलुखमैदान' तोफेच्या ओतकाऱ्याच्या नावातला 'रूमी', या दोहोंत नाण्यावरच्या लेखातला तोच शब्द आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षहरात क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. सातवाहनांच्या तीन कमानींच्या टेकडीखालून नहपानाचे नाक, हनुवटी आणि कडेची ग्रीक अक्षरे डोकावतात. नहपान आणि गौतमीपुत्र यांचा पौर्वापर्य-संबंध सांगताना प्रत्येक इतिहासकार या नाण्यांकडे बोट दाखवतो.

मराठीत अशा नाण्यांना 'पुनर्मुद्रित' म्हणतात. पण पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापणे, असा अर्थ पुस्तकांमुळे आता घट्ट बसला आहे, आणि इथे तर मजकूर बदलतो हेच मुख्य. माझी सूचना साध्या शब्दांची आहे: वरचा तो 'वरठसा', खालचा तो 'तळठसा'. एकाच ठशाचे दोन घाव पडले तर 'दुबार ठसा', आणि कोपऱ्यात ठोकलेल्या छोट्या खुणेला 'चिन्हठसा'. चारही शब्द बोलताना जीभ अडखळत नाही आणि चार वेगळ्या गोष्टी वेगळ्या राहतात. संग्रहालयांच्या सूचीत प्रत्येक वरठशासोबत तळठशाची नोंद व्हावी.

ही शिस्त आपल्या भाषेतही हवी. 'नाणे' हाच शब्द घ्या. तो संस्कृत 'नाणक'वरून आला, हे पक्के. नाणक याज्ञवल्क्यस्मृतीत आहे, मृच्छकटिकात आहे. त्याच्या खाली काय? कुशाण नाण्यांवर 'नना' या देवीचे चित्र आणि नाव येते, त्यावरून नाणक आले असे पुष्कळ जण मानतात. कल्पना मोहक आहे आणि खरीही असू शकेल, पण मधल्या पायऱ्या दाखवणारा पुरावा हाती नाही. दोन शब्दांचा नाद जुळतो, एवढेच. 'फिल्स'च्या खाली फॉलिस आहे असे आपण ज्या खात्रीने म्हणतो, ती खात्री इथे नाही. कोशात व्युत्पत्तीच्या जागी 'अनिश्चित' असे लिहिलेले दिसले की पुष्कळांना तो कोशकाराचा कमीपणा वाटतो. मला ते कोशकाराचे मोठेपण वाटते. नाण्यांच्या सूचीतही 'तळठसा अनिश्चित' अशी नोंद असते, आणि पुढचा अभ्यासक तेच नाणे पुन्हा हातात घेतो ते त्या एका शब्दामुळे. तिथे चुकीचे नाव ठाम अक्षरात लिहिलेले असते, तर त्याने ते उचललेच नसते.